दुसऱ्या घोड्यावरचा माणूस

काउबॉयच्या चित्रपटात नायक भरधाव घोड्यावरून कोसळतो, धुरळ्यात दोन-चार लोळण घेतो, आणि पुढच्याच क्षणी आपल्याला त्याचा चेहरा दिसतो. कपाळावर थोडी धूळ, ओठाच्या कोपऱ्यात रक्ताची बारीक रेघ. आपण हळहळतो. कोसळणारा माणूस मात्र वेगळाच असतो. त्याने नायकाचे कपडे घातलेले असतात, नायकाची टोपी डोक्यावर ठेवलेली असते, आणि आपला चेहरा कॅमेऱ्याकडे येणार नाही एवढी खबरदारी घेऊन तो पडलेला असतो. आपल्याकडच्या सिनेमावाल्यांत त्याला डुप्लिकेट म्हणतात. पडून झाले की तो उठतो, कपडे झटकतो, त्या दिवसाचे पैसे घेतो आणि घरी जातो.

असाच पडणारा एक माणूस पुढे स्वतःच्या चेहऱ्यानिशी पडद्यावर आला. नावारूपाला आला. पण नायकाच्याच घोड्यावर बसेन, असा हट्ट त्याने कधी धरला नाही. बेन जॉन्सन त्याचे नाव. जॉन वेन, गॅरी कूपर ही नावे आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहेत. बेन जॉन्सनचे नाव घेतले, तर सिनेमाचे शौकीनसुद्धा क्षणभर थांबतात. मग त्यांना चेहरा आठवतो आणि ते म्हणतात, “हां, तो होय!” दुय्यम नटाची सारी कमाई या ‘तो होय’मध्ये असते. नाव ध्यानात राहिलेले नसते, माणूस राहिलेला असतो.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पुस्तक पुढ्यात असले, शब्दकोश हाताशी असला, म्हणजे मी कशीबशी वाट काढतो. पण टेक्सासचा गुराखी दातांत काडी धरून बोलू लागला, की माझा इलाज चालत नाही. या चित्रपटांच्या बाबतीत मात्र मला त्याचा फायदाच झाला. शब्द निसटतात, म्हणून डोळे हातांकडे जातात. कोण लगाम कसा धरतो, कोणाची मांड कशी आहे, उतरताना कोणाचा पाय रिकिबीत किंचित अडकतो, हे मी पाहत बसतो. एका उन्हाळ्याच्या सुटीत मी हे जुने चित्रपट घरी ओळीने पाहिले. तीन-चार चित्रपट झाल्यावर ध्यानात आले, की आपली नजर नायकाला सोडून पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे जाते आहे. उंच, रुंद खांद्यांचा, शांत चेहऱ्याचा. इतर नट घोड्यावर चढत, बसत, उतरत. हा नुसता घोड्यावर असे. माणूस कुठे संपतो आणि घोडा कुठे सुरू होतो, हे सांगता येऊ नये, असे.

कारण साधे होते. इतरांनी घोड्यावर बसणे नाटकापुरते शिकून घेतले होते. याचे पोट त्यावर होते.

बेन जॉन्सनचा जन्म १३ जून १९१८ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या फोरेकर या लहानशा गावचा. हा सारा ओसेज लोकांचा मुलूख. नजर पोहोचेल तिथवर गवत. चांगल्या पावसाच्या वर्षी माणसाच्या खांद्याला लागेल असे. बापाचे नावही बेन जॉन्सनच. चॅपमन-बार्नार्ड नावाच्या अफाट रँचवर, म्हणजे गुरांच्या कुरणावर, तो मुकादम होता. आणि पळत्या बैलावर दोरीचा फास टाकून त्याला पाडण्याच्या शर्यतींत त्याचे नाव दूरवर गाजले होते. मुलगा बापाच्या हाताखाली तयार झाला. आपल्याकडे कुंभाराचे पोर जसे चाकाजवळ वाढते, तसा तो खोगिराजवळ वाढला. मजुरी होती दिवसाला एक डॉलर.

१९४० च्या सुमाराला हॉवर्ड ह्यूज हा विमानांचा आणि सिनेमाचा वेडा धनाढ्य ‘द आउटलॉ’ नावाचा चित्रपट काढत होता. त्याने या रँचवरून घोडे खरेदी केले. घोडे आधी अ‍ॅरिझोनात चित्रीकरणाच्या जागी आणि मग हॉलिवूडला पोहोचवायला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. बेन गेला. घोड्यांच्या डब्यातून मी हॉलिवूडला आलो, असे तो पुढे जन्मभर सांगत असे. तिथे हाती पडलेला पहिला चेक तीनशे डॉलरचा होता. गावाकडचे जवळजवळ वर्षाचे पैसे. त्यानंतर मला कुणी काठी घेऊन हाकलले असते, तरी मी परत गेलो नसतो, असेही तो म्हणे.

मग तो पडू लागला. कधी जॉन वेनच्या नावाने पडायचे, कधी गॅरी कूपरच्या, कधी जेम्स स्टुअर्टच्या. स्टुडिओंना घोडे पुरवणाऱ्या जोन्स नावाच्या गृहस्थाची मुलगी कॅरोल हिच्याशी १९४१ मध्ये त्याचे लग्न झाले. हा संसार पुढे त्रेपन्न वर्षे, कॅरोलच्या मृत्यूपर्यंत चालला. हॉलिवूडच्या मानाने ही गोष्ट कुठल्याही बक्षिसाइतकीच दुर्मिळ मानायला हरकत नाही.

सात-आठ वर्षे अशी गेली. जॉन फोर्ड हा वेस्टर्न चित्रपटांचा मोठा दिग्दर्शक तेव्हा ‘फोर्ट अपाचे’ करत होता. हा चित्रपट १९४८ मध्ये पडद्यावर आला. बेन त्यात हेन्री फोंडाचा डुप्लिकेट. चित्रीकरण चालू असताना एका गाडीचे घोडे बुजले आणि उधळले. गाडीत तीन माणसे. बेन तेव्हा योगायोगाने घोड्यावर बसलेला होता. त्याने टाच मारली, उधळलेली गाडी गाठली आणि थांबवली. फोर्ड म्हणाला, याचे बक्षीस तुला मिळेल. बेनला वाटले, आणखी एखाद्या चित्रपटात पडायचे काम मिळेल. फारच झाले तर दोन वाक्ये बोलायला मिळतील. फोर्डने त्याच्या हातात पाकीट ठेवले. आत सात वर्षांचा करार होता. पाचव्या ओळीपर्यंत वाचले. तिथे आठवड्याला पाच हजार डॉलर असा आकडा होता. त्यापुढे मी काही वाचले नाही, पेन घेतले आणि सही केली, असे तो सांगत असे.

इथून पुढे एखाद्या कादंबरीकाराने ही गोष्ट लिहिली असती, तर ती सरळ शिखराकडे गेली असती. मीही बहुधा तशीच लिहिली असती. सुरुवात तशी झालीही. १९४९ च्या ‘शी वोर अ येलो रिबन’मध्ये तो सार्जंट टायरी झाला. जॉन वेनने केलेला म्हातारा कॅप्टन त्याचे मत विचारतो. हा आधी म्हणतो, ते माझे खाते नव्हे. आणि मग नेमके तेच सांगतो, जे कॅप्टनला जाणून घ्यायचे असते. त्याच वर्षी ‘माइटी जो यंग’ या महाकाय गोरिलाच्या चित्रपटात तो नायिकेच्या जोडीला आला. १९५० मध्ये फोर्डने ‘वॅगन मास्टर’मध्ये त्याला प्रमुख भूमिकाच दिली. युटामधल्या मोअॅबच्या आसपासच्या उघड्या मुलखात तो मॉर्मन लोकांच्या गाड्यांचा तांडा घेऊन जातो. नायकपण त्याच्या दारी आले होते. नुसते दार उघडायचे होते.

त्याच वर्षीचा ‘रिओ ग्रँड’ पाहावा. त्यात रोमन पद्धतीच्या घोडदौडीचा एक प्रसंग आहे. दोन घोडे जोडीने पळतात; माणूस एक पाय एकाच्या पाठीवर आणि दुसरा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून उभा असतो. बेन जॉन्सन, हॅरी कॅरी धाकटा आणि क्लॉड जार्मन हा कोवळा मुलगा, तिघांनीही हे स्वतः केले आहे. डुप्लिकेट नाही. बेन तसाच उभ्याने दौडत अडथळ्यावरून घोडे उडवतो. पाहताना आपला श्वास अडकतो; त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नसते. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते, तेवढेच. अवघड काम रोज करणाऱ्याचा चेहरा असाच असतो, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

याच चित्रपटाच्या वेळी ठिणगी पडली. फोर्ड मोठा माणूस होता आणि माणसांना चारचौघांत पाणउतारा करून छळण्याची त्याला खोड होती. मोठमोठे नट खाली मान घालून ऐकून घेत. एका रात्री जेवणाच्या टेबलावर बेन शेजारच्या कॅरीशी त्या दिवशीच्या गोळीबाराविषयी काही गमतीने बोलला. फोर्डच्या कानावर ते गेले. काय म्हणालास ते सर्वांना सांग, असे तो दरडावू लागला. बेन उठला, फोर्डजवळ जाऊन त्याला ऐकवायचे ते हलक्या आवाजात ऐकवले, आणि बाहेर निघून गेला. चित्रपट त्याने पुरा केला. पण त्यानंतर चौदा वर्षे फोर्डच्या चित्रपटात बेन जॉन्सन दिसत नाही.

आठवड्याला पाच हजार डॉलर एका बाजूला, नि जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द दुसऱ्या बाजूला. आपण असतो तर काय केले असते, याचे उत्तर ज्याने त्याने मनात द्यावे. मी माझ्यापुरते दिले आहे, ते सांगण्याजोगे नाही.

त्यानंतरच्या भूमिका लहान झाल्या. १९५३ च्या ‘शेन’मध्ये तो दांडग्या गुराख्यांपैकी एक आहे. गुत्त्यात अॅलन लॅडच्या, म्हणजे नायकाच्या, सदऱ्यावर तो दारू ओततो. पुढे त्याच्याकडून मार खातो. एवढ्यावर त्याचे काम संपायला हवे होते. पण शेवटाकडे हाच माणूस रात्री गुपचूप येतो, तुझ्यासाठी सापळा रचला आहे म्हणून शेनला सावध करतो, आणि मी त्या लोकांना सोडून चाललो आहे, असे सांगतो. मोजून दोन मिनिटांचा प्रसंग. पण चांगुलपणा माणसाला बदलू शकतो, ही त्या चित्रपटातली मोठी गोष्ट खरी ठरते ती या दोन मिनिटांत. शेन चांगला आहे, हे आपल्याला नायक असल्याने मान्य करावेच लागते. तो चांगला असल्याचा पुरावा देतो तो हा मार खाल्लेला गुराखी.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला हे विशेष भिडले. नायकाचे बोलणे वाचकाने खरे मानायचे असेल, तर त्याच्या शेजारी कुणीतरी असा लागतो, की जो खोटे बोलणारच नाही. विहिरीवरची म्हातारी, एस्टीचा कंडक्टर, दारात येऊन बसणारा न्हावी. यांच्यापैकी एक जरी कागदाचा निघाला, की नायकही कागदाचा वाटू लागतो. वेस्टर्न हा प्रकार तर पुष्कळसा बनावाचा. रंगवलेले सूर्यास्त, कधी न संपणारी काडतुसे. त्या बनावात बेन जॉन्सन दोरीची गाठ मारतो. ती गाठ खरी असते. मग आपण डोंगरही खरा मानतो.

‘शेन’ आला, त्याच वर्षी या गृहस्थाने आणखी एक गोष्ट केली. सिनेमाचे काम बाजूला ठेवले, घोडा गाडीत घातला आणि तो रोडिओच्या शर्यती खेळायला निघून गेला. वय पस्तीस. बाप ज्या खेळात नाव कमावून गेला, त्यात आपली पत किती, हे त्याला एकदा पाहायचे होते. टीम रोपिंग हा त्याचा प्रकार. यात दोन घोडेस्वार लागतात. पळत्या बैलाच्या शिंगांत एकाने फास टाकायचा आणि मागच्या पायांत दुसऱ्याने. बैल दोघांच्या दोऱ्यांत ताणला गेला, की घड्याळ थांबते. एकट्याने जिंकायची यात सोयच नाही. पहिल्याने कितीही झकास फास टाकला, तरी दुसऱ्याची दोरी पडेपर्यंत तो फुकट. १९५३ चे जगज्जेतेपद बेन जॉन्सनने मिळवले. वर्षाच्या शेवटी हिशेब केला, तेव्हा खिशात तीन डॉलरसुद्धा नव्हते; होती ती एक खिळखिळी मोटार आणि संतापलेली बायको, असे तो स्वतःच सांगत असे. मग तो मुकाट्याने पुन्हा सिनेमात पडायला गेला.

मला या माणसाविषयी जे वाटते, त्याचे मूळ या वर्षात आहे. स्वतःला मोजायची त्याची पट्टी त्याच्या स्वतःच्या घरात होती. पडद्यावर आपले नाव कितव्या ओळीत आहे, हे त्याला कुणी विचारले असते, तर त्याने बहुधा कमरेच्या पट्ट्याचे बक्कल दाखवले असते. रोडिओच्या विजेत्याला बक्कल मिळते.

१९६४ मध्ये फोर्डने त्याला पुन्हा बोलावले. ‘शायेन ऑटम’ हा तो चित्रपट. गोऱ्या लोकांनी शायेन जमातीवर केलेल्या अन्यायाची कहाणी; फोर्डने आपल्या आयुष्याच्या उतरणीला, झाल्या गोष्टींची भरपाई म्हणून केलेली. इथे मला थांबावे लागते. कारण या चित्रपटात शायेन सरदारांची मोठी कामे रिकार्दो मोंताल्बान आणि गिल्बर्ट रोलंड या मेक्सिकन वंशाच्या नटांनी केली आहेत. त्यांच्या मागे जो जमाव चालतो, तो नाव्हाहो लोकांचा. मॉन्युमेंट व्हॅली ही त्यांचीच भूमी. फोर्डच्या चित्रपटांत हेच लोक कधी अपाचे होत, कधी शायेन होत. तेही घोड्यांवरून पडत. तेही पडून झाले की उठत, कपडे झटकत. पण त्यांच्यापैकी कुणाला त्या उठण्यातून नायकाचा करार मिळाला नाही. त्यांची नावे वाचावीत म्हणून मी शेवटपर्यंत बसून राहतो. ती बहुधा येतच नाहीत.

तेव्हा दुय्यमपणाची आरती ओवाळताना जरा जपले पाहिजे. आमच्या गॅदरिंगमध्ये दर वर्षी शिवाजी महाराजांवर एखादा प्रवेश असतो. राजे एक, तानाजी एक, जिजाबाई एक आणि भाले घेऊन उभे राहायला मावळे पंधरा. एका वर्षी आठवीतल्या एका मुलाला, त्याचा आवाज खणखणीत होता म्हणून, तानाजी व्हायला सांगितले. तो नको म्हणाला. त्याला पडदा ओढायचा होता. दोरी, कप्पी, पडद्याचे वजन या सगळ्याचे त्याला वेड. त्याने पडदा असा ओढला, की प्रवेश संपताना टाळी आली ती निम्मी त्या पडद्याला. आणि भाले घेऊन उभे असलेल्या पंधरांत वाडीवरची तीन-चार मुले होती. ती दर वर्षी भालेच धरतात. त्यांना काय हवे, असे कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाहीत. प्रेक्षकांतून पाहिले, तर सगळे सारखेच; सगळे मागे उभे. पण पडद्याच्या दोरीजवळ उभा असलेला मुलगा तिथे स्वतः चालत गेला होता. या एका पावलाचा फरक आहे आणि तो मला जगातल्या पुष्कळ मोठ्या फरकांपैकी एक वाटतो.

बेन जॉन्सनला ‘नाही’ म्हणता येत होते. म्हणून त्याचे मागे उभे राहणे शोभून दिसते.

त्याचा शेवटचा आणि सर्वांत मोठा नकार त्याच्यावरच उलटायचा होता. १९७० च्या सुमाराला पीटर बोग्दानोविच हा तरुण दिग्दर्शक लॅरी मॅकमर्ट्रीच्या ‘द लास्ट पिक्चर शो’ या १९६६ मधल्या कादंबरीवर चित्रपट करत होता. टेक्सासमधले एक ओसाड होत चाललेले गाव. त्या गावात सॅम नावाचा म्हातारा आहे. लोक त्याला सॅम द लायन म्हणतात. गावातले सिनेमाघर, बिलियर्डचा अड्डा आणि खानावळ, तिन्ही त्याच्या मालकीची. गावातल्या मुक्या पोराला टवाळ मुलांनी छळले, की सॅम त्या मुलांना आपल्या तिन्ही ठिकाणी यायची बंदी घालतो. शिक्षा एवढीच, पण मुलांना घर तुटल्यासारखे वाटते. ही भूमिका बेन जॉन्सननेच करावी, असा बोग्दानोविचचा आग्रह होता. बेन नाही म्हणाला. एक तर बोलायचे फार होते. आणि दुसरे म्हणजे संवादांत घाणेरडे शब्द होते. ते त्याला तोंडातून काढायचे नव्हते.

बोग्दानोविच गेला तो थेट म्हाताऱ्या जॉन फोर्डकडे. फोर्डने बेनला फोन केला. जन्मभर जॉन वेनचा जोडीदारच राहणार आहेस का, असे त्याने विचारले म्हणतात. ज्याने चौदा वर्षे दूर ठेवले, त्याच माणसाने ही भीड घालावी, हेही एक नवलच. बेनने अट घातली, की माझे संवाद मी घाण काढून पुन्हा लिहीन. अट मान्य झाली.

१९७१ मध्ये हा चित्रपट आला. कृष्णधवल. त्यात बेन जॉन्सन पडद्यावर आहे सुमारे दहा मिनिटे. त्यात एक प्रसंग आहे. गावाबाहेर पाण्याचे तळे. गुरांसाठी केलेले असते तसले. सॅम दोन मुलांना घेऊन मासे धरायला बसला आहे. आणि बोलता बोलता तो वीस वर्षांपूर्वीची एक पोरगी आठवतो, जिला घेऊन तो याच तळ्यावर पोहायला आला होता. घोड्यावर बसून तळे ओलांडायची पैज तिने चांदीच्या एका डॉलरवर लावली होती, आणि ती जिंकली होती. बस्स, एवढीच गोष्ट. ती पोरगी कोण, हे तो सांगत नाही. आपल्याला ते फार उशिरा, तिच्याच तोंडून कळते. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. मी आधी म्हटले, की शब्द माझ्या हातून निसटतात. इथेही निम्मे निसटले. पण तीस वर्षे जो चेहरा कॅमेऱ्यापासून लपवायचा त्याने सराव केला होता, तो प्रथमच इतका वेळ, इतका जवळून समोर होता, आणि त्यावर काहीही लपवलेले नव्हते.

नंतर सॅम मरतो, आणि तेसुद्धा पडद्याबाहेर. मुले दोन दिवस मेक्सिकोला जाऊन परत येतात, तो कुणीतरी सांगते की सॅम गेला. त्याच्या मृत्युपत्रात अड्डा एका मुलाला दिलेला असतो, खानावळ तिथे राबणाऱ्या बाईला आणि सिनेमाघर तिथे खाऊ विकणाऱ्या म्हातारीला. लोक आता घरी दूरचित्रवाणी पाहतात, म्हणून म्हातारीला ते झेपत नाही. शेवटचा खेळ होतो जॉन वेनच्या ‘रेड रिव्हर’चा. मग सिनेमाघर बंद. सॅम जिवंत होता, तोवर तो या कथेचा नायक आहे असे वाटत नव्हते. तो गेला, आणि साऱ्या गावाचा आढा निखळला. घरातली काही माणसे अशीच असतात. ती ओसरीवर असतात, तोवर आपले लक्ष नसते.

१० एप्रिल १९७२ रोजी सर्वोत्तम साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर बेन जॉन्सनला मिळाले. त्याचे वय तेव्हा त्रेपन्न. व्यासपीठावर त्याने सांगितले, की भाषणावर मी जितकी मेहनत घेतली, तितके ते खोटे वाटू लागले. मग थोडक्यात आटोपले. हे याहून भल्या माणसाला मिळू शकले नसते, असे मिश्कीलपणे स्वतःविषयीच म्हणाला, आणि उतरला. या गावातला प्रत्येक जण माझ्याहून चांगला नट आहे, पण बेन जॉन्सनची भूमिका त्यांच्यापैकी कुणाला करता येणार नाही, अशा अर्थाचे त्याचे एक बोलणे प्रसिद्ध आहे. वरवर पाहता हा विनय. नीट पाहिले तर चांगलाच अभिमान आहे. पण तो अभिमान दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन उभा नाही.

ऑस्करनंतर तो बदलला असता, तर कुणी दोष दिला नसता. तो काम करत राहिला. कधी स्पीलबर्गच्या ‘द शुगरलंड एक्स्प्रेस’मध्ये पोलीस अधिकारी म्हणून, कधी आणखी कुठल्या चित्रपटात आणखी कुणाच्या बाजूला. मुलांच्या मदतीसाठी रोडिओ भरवत राहिला. १९९४ मध्ये कॅरोल गेली. ८ एप्रिल १९९६ रोजी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी तो आपल्या आईला भेटायला गेला होता. सत्त्याहत्तर वर्षांचा मुलगा, नव्वदी ओलांडलेल्या आईच्या भेटीला. तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा अंत झाला.

त्याला ओक्लाहोमात आणले आणि जन्मगावापासून जवळच, पॉहस्का गावच्या स्मशानभूमीत पुरले. त्याचा बाप जिथे मुकादम होता, ते चॅपमन-बार्नार्ड कुरण त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, निसर्गरक्षण करणाऱ्या एका संस्थेने विकत घेतले होते. १९९३ मध्ये तिथे गवे सोडले. गुराखी येण्याच्या आधी जे तिथे चरत होते ते, अमेरिकन बायसन. आता त्यांचे कळप तिथे फिरतात. जुने राहते घर आणि गुराख्यांची बराक अजून उभी आहे. आणि पावसाचे वर्ष चांगले असले, तर भोवतीचे गवत अजूनही माणसाच्या खांद्याला लागते.